अटींत बसणारा शेजारी

सरकारने गुणवंत पारखी यांना 'सेमी-प्रायव्हेट' ठरवलं होतं. त्यांच्या स्वभावाशी याचा काही संबंध नव्हता, पगाराशी होता. केंद्र सरकारच्या माणसाला दवाखान्यात कुठे झोपवायचं हे त्याच्या दुखण्यावरून ठरत नाही, मूळ वेतनावरून ठरतं. खालच्यांना जनरल वॉर्ड, वरच्यांना स्वतंत्र खोली आणि मधल्यांना दोन खाटांची खोली, मध्ये एक पडदा. गुणवंतराव आयुष्यभर मधलेच राहिले, त्यामुळे हर्निया झाला तेव्हा त्यांच्या वाट्याला पडदा आला.

हर्निया हे काही चारचौघांत मिरवण्यासारखं दुखणं नाही. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस ताबडतोब खाली बघतो, आणि हे गुणवंतरावांच्या प्रतिष्ठेला मानवत नव्हतं. ते 'एक छोटीशी प्रोसीजर' एवढंच म्हणत. पण वरच्या मजल्यावरच्या श्यामकांत बोरवणकरांना कळायचं ते कळलंच. श्यामकांतांचं पित्ताशय काढून झालं होतं. त्यामुळे कॉलनीत कुणाच्याही पोटाला कात्री लागायची असली की सल्ला द्यायचा पहिला मान त्यांचा असे.

"ऑपरेशनचं काय घेऊन बसलात पारखी," श्यामकांत चहाचा कप हातात घेत म्हणाले, "ते तर झोपेत होतं. खरा प्रश्न शेजारच्या खाटेचा. माझ्या शेजारी करोल बागेतला एक सोनार होता. त्याला भेटायला अख्खी गल्ली. शेवटी तर त्याच्या मेहुणीने माझ्या खाटेवर बसून मटार सोलले. मला म्हणते, अंकलजी, पैर ज़रा उधर."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार यार? मीही सोलले."

गुणवंतरावांच्या अंगावर काटा आला.

"पण तुमचं नशीब चांगलं," श्यामकांत म्हणाले. "आता त्या हॉस्पिटलात सिस्टम आली आहे. शेजारी कसा हवा ते सांगायचं, कॉम्प्युटर जुळवून देतो. ना ओळख, ना वशिला. बिल्कुल फेअर. तुम्ही फक्त अटी घाला."

अटी घालण्यातच गुणवंतरावांची हयात गेली होती. एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात ते टेंडरच्या अटी तयार करत. त्यांनी कधीही कुणाची बाजू घेतली नाही, बाजू अटी घेत. अमुक एका कंपनीचाच पंखा घ्यायचा असं वरती ठरलेलं असलं, तर कंपनीचं नाव कुठेही न घेता ते पात्यांची लांबी, जाळीच्या तारा, रंगाची छटा अशा बेताने मांडत की शेवटी एकच पंखा उरे. बाकीचे सगळे आपोआप नालायक ठरत. कुणी कुरकुर केली तर गुणवंतराव शांतपणे सांगत, आम्ही कुणालाच नाही म्हटलेलं नाही, अटी सगळ्यांना सारख्याच आहेत.

कुमुदला, म्हणजे त्यांच्या बायकोला, वेगळीच काळजी होती. पुरुषांच्या खोलीत बायकांना संध्याकाळनंतर थांबू देत नसत. मुलगा बंगळुरूला, त्याला रजा मिळेना.

"रात्री तुमच्याजवळ कोण असणार?" तिने विचारलं.

"शेजारी असेल ना," गुणवंतराव म्हणाले.

"भीती नाही ना वाटत?"

"छे."

खरं म्हणजे वाटत होती. त्यांचे वडील अमरावतीला असंच एक छोटंसं ऑपरेशन करून घ्यायला हसत आत गेले होते, ते परत आलेच नाहीत. ऑपरेशन थिएटरबाहेरची खुर्ची रिकामी होती, शेवटी त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं, हे घरात कुणी उघड बोलत नसे. गुणवंतरावांना मरायची भीती होती त्यापेक्षा त्या रिकाम्या खुर्चीची जास्त होती. पण हे सांगायचं कसं आणि कुणाला, त्याची काही पद्धत त्यांना ठाऊक नव्हती.

जानेवारीचे दिवस. दिल्लीला धुकं असं बसलं होतं की खोलीच्या खिडकीबाहेर काचेला पांढरा कागद चिकटवल्यासारखं वाटे. सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं एकाच रंगाचं. खाली रस्ता असणार, कारण हॉर्न ऐकू येत, पण दिसत काहीच नसे. गुणवंतराव बॅग घेऊन खोलीत शिरले तेव्हा पलीकडच्या खाटेवरून एक आवाज धुक्यातल्या भोंग्यासारखा उठला.

"आ जाओ बाबूजी, आ जाओ! अकेला पड़्या-पड़्या सूख गया था मैं तो!"

हे रामफल. पानिपतला चादरी आणि ब्लँकेटांचा धंदा, मूतखड्यासाठी दाखल. त्यांच्याभोवती दोन मुलगे, एक जावई, एक काका आणि नातं न कळलेले आणखी काही लोक बसले होते. गुणवंतराव महाराष्ट्रातले हे कळताच रामफल उठूनच बसले.

"मराठे हो? फेर तो पुराणी रिश्तेदारी सै. थारे लोग एक बर आए थे हमारे पानीपत."

गुणवंतरावांनी बॅग खाटेखाली सरकवली. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच, पण हर्नियासकट ऐकावं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"जाड्डे में आए थे," रामफल हळहळत म्हणाले. "याए गलती करी. कंबल कोनी ल्याए."

आणि भर थंडीत ब्लँकेटांविना आलेल्या त्या मराठ्यांच्या चुकीची भरपाई म्हणून की काय, त्यांनी मुलाला सांगून एक कोरं करकरीत ब्लँकेट गुणवंतरावांच्या अंगावर घालायला लावलं. मग सगळं कुटुंब त्यांच्या दुखण्याकडे वळलं. काकांनी एरंडेल सुचवलं. जावयाने फोनवर ऑपरेशनचा व्हिडिओ काढून दाखवला. नर्स, सिस्टर जिन्सी, ब्लडप्रेशर बघायला आली तेव्हा पारा इतका वर गेला होता की डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. "दुखणं वाढलं तर ताबडतोब सांगा," एवढं बजावून ते गेले.

"डर लाग रह्या सै, बाबूजी?" सगळे गेल्यावर रामफलनी हळूच विचारलं.

"नहीं."

"मन्नै तो घणा लाग्गै सै," रामफल म्हणाले आणि कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव खोल्यांचं वाटप बघणाऱ्या मिसेस अरोरांच्या काउंटरवर उभे होते. "आदमी बुरा नहीं है," ते म्हणाले. "सवाल डेसिबल का है." मिसेस अरोरांनी बोटं चालवली आणि रामफल दुसऱ्या खोलीत गेले. जाताना ब्लँकेट विसरले. गुणवंतरावांनी ते घडी करून सिस्टर जिन्सीबरोबर परत पाठवलं.

मग आले मुश्ताक अहमद. जुन्या दिल्लीतल्या बल्लीमारानचे, भूगोलाचे निवृत्त मास्तर, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांना भेटायला फक्त एक मुलगी येई आणि तीही दारातूनच हळू बोले. अमरावतीचं नाव ऐकून मास्तर म्हणाले, "काली मिट्टी. कपास. बच्चों को चालीस बरस पढ़ाया, देखा कभी नहीं." कुमुदशी त्यांचं छान जमलं. तिने पांढऱ्याशुभ्र कपाशीच्या गाड्यांचं वर्णन केलं, मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले. त्या संध्याकाळी कुमुद घरी जाताना प्रथमच निश्चिंत दिसली.

गुणवंतराव मात्र बेचैन. मास्तरांमध्ये खोड काढण्यासारखं काहीही सापडत नव्हतं. माणूस हळू बोलतो, दिवा मालवतो, दुसऱ्याचा पेपर मागत नाही. तरी काहीतरी टोचत होतं. काय टोचतंय हे गुणवंतरावांना पुरतं ठाऊक होतं, पण अटींच्या भाषेत ते मांडता येत नव्हतं. सकाळी मास्तर एकदा खोकले आणि गुणवंतरावांची अडचण दूर झाली.

"सिर्फ खांसी, सर?" मिसेस अरोरांनी विचारलं.

"सिर्फ खांसी. मैं इन सब बातों को बिल्कुल नहीं मानता."

"किन बातों को, सर?"

गुणवंतरावांनी घड्याळाकडे पाहिलं.

मास्तरांची खाट हलवली तेव्हा त्यांनी जाता जाता गुणवंतरावांची सरकलेली रजई सारखी केली. "अल्लाह आपका ऑपरेशन आसान करे," ते म्हणाले. गुणवंतरावांना लाज वाटली. खरोखरच वाटली. पण लाजेने ब्लडप्रेशर आणखी चढलं आणि ऑपरेशन पुन्हा पुढे गेलं, तेव्हा त्यांनी दोष मास्तरांच्या खोकल्यालाच दिला.

कुमुद आली तेव्हा रिकाम्या खाटेकडे पाहत राहिली. "मास्तर कुठे गेले?"

"खोकला होता त्यांना. इन्फेक्शनचा प्रश्न असतो."

"मी काल इतका वेळ बसले होते. मला नाही ऐकू आला."

तिने टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली, डबा उघडून ठेवला आणि नेहमीपेक्षा लवकर निघाली.

"सर, ऐसे नहीं चलेगा," मिसेस अरोरा दुपारी म्हणाल्या. "आप एक ही बार में सारी कंडिशन बता दीजिए. सिस्टम ढूँढ लेगा."

गुणवंतराव खुर्चीत सरसावून बसले. पोटात कळ होती, पण बुद्धी लखलखीत होती. शेजारी मराठी बोलणारा हवा. केंद्र सरकारचा नोकर, समान लेव्हलचा. शाकाहारी. भेटायला येणारे शक्यतो नकोत. न खोकणारा, न घोरणारा, सल्ला न देणारा. दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी न करणारा. स्वतःच्या दुखण्याबद्दल न बोलणारा. देवधर्म मोठ्याने न करणारा. पेपर वाचून झाल्यावर मूळ घडीवर घालणारा. खिडकी बंद ठेवणारा. नाव, गाव, जात, धर्म यांतलं त्यांनी काहीही विचारलं नाही, हे त्यांनी मिसेस अरोरांच्या मुद्दाम लक्षात आणून दिलं.

मिसेस अरोरांनी बटण दाबलं. बराच वेळ स्क्रीनवर एक गोल फिरत राहिला. मग त्या चष्मा काढून स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या.

"एक मैच है, सर."

"एकच?"

"एक ही." त्यांनी गुणवंतरावांकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. "आ चुके हैं. ऊपर ही हैं."

इतक्या नेमक्या अटी आजवर कधी साधल्या नव्हत्या. गुणवंतराव लिफ्टमध्ये गुणगुणत वर गेले.

खोलीत पडदा पूर्ण ओढलेला होता. पलीकडे कुणीतरी झोपलं होतं, कारण पडद्याला कोपराचा फुगवटा दिसत होता. खिडकी बंद. दिवा बंद. पेपर टेबलावर मूळ घडीत. गुणवंतराव समाधानाने खाटेवर टेकले.

"खिडकी बंदच ठेवू या ना?" पडद्यामागून मराठीत आवाज आला. नीटनेटका, थोडासा कोरडा आवाज.

"अगदी माझ्या मनातलं बोललात," गुणवंतराव म्हणाले. "आपण मूळचे कुठले?"

"अमरावतीचे. आता तिकडे कुणी नाही म्हणा."

"काय सांगता! मीही. कुठल्या खात्यात?"

"खरेदी."

गुणवंतरावांना इतका आनंद झाला की पोटाची कळही विसरली. मग दोघांनी मिळून पंख्यांच्या टेंडरविषयी, नव्या बाबूंच्या बेशिस्तीविषयी आणि आपल्या मराठी मंडळातल्या गणपतीच्या वर्गणीविषयी बोलून घेतलं. प्रत्येक बाबतीत एकमत झालं. आणि मग बोलणं संपलं. गुणवंतराव काही सांगायला तोंड उघडत, तोच ते वाक्य पलीकडून सुरू होई. त्यांनी घसा खाकरायचं मनात आणलं, तर पलीकडे कुणीतरी खाकरलं. त्यांनी कूस बदलली, पलीकडची खाटही करकरली. योगायोग आहे, असं ते स्वतःला म्हणाले, आणि पलीकडचा गृहस्थही आत्ता हेच म्हणत असेल असं उगाच त्यांच्या मनात येऊन गेलं.

सिस्टर जिन्सी आली. तिने फक्त गुणवंतरावांचं ब्लडप्रेशर बघितलं. "उधर?" त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"वो सर बोला है, बिना काम के कोई अंदर नहीं आना," जिन्सी म्हणाली आणि पडद्याला लांबून वळसा घालून निघून गेली.

असा कडक माणूस पाहून गुणवंतरावांना कौतुक वाटायला हवं होतं. तेवढ्यात त्यांचं लक्ष पडद्याखाली गेलं. तिथे रबरी चपलांचा जोड होता, डाव्या चपलेचा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला. आर. के. पुरमच्या मार्केटमधल्या चांभाराकडे पांढरा दोरा नव्हता म्हणून गुणवंतरावांनी स्वतःची चप्पल काळ्या दोऱ्याने शिवून घेतली होती. त्यांनी घाईघाईने आपल्या खाटेखाली पाहिलं. त्यांच्या चपला तिथेच होत्या. मग त्यांनी पाय वर घेतले आणि रजईत गुंडाळून टाकले.

कुमुद आली तेव्हा ते घोटभर पाणी तोंडात धरून गोळी गिळायच्या बेतात होते. नवा शेजारी मराठी आहे हे त्यांनी फोनवर सांगितलेलंच होतं. ती पडद्यापाशी जाऊन म्हणाली, "नमस्कार हं. काही लागलं तर सांगा, मी रोज येते."

"नको, सगळं आहे," उत्तर आलं.

कुमुद वळली. "अहो, मी त्यांना विचारलं. तुम्ही कशाला उत्तर देताय?"

गुणवंतरावांचे गाल पाण्याने फुगलेले होते. त्यांनी मान हलवली. कुमुदने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तिने शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली आणि त्यानंतर ती बसली होती तोवर पडद्याकडे पाठ करून बसली नाही.

तिथून पुढे गुणवंतरावांचा जीव त्या खोलीत रमेना. तक्रार करावी, तर करायची कशाची? अट एकही मोडलेली नव्हती. शेजारी बोलत नव्हता, खोकत नव्हता, मटार सोलत नव्हता. खोली इतकी शांत झाली होती की धुकं काचेतून आत येऊन बसलंय असं वाटे. पडद्याच्या पलीकडे आपण झोपलो आहोत आणि अलीकडे कुणीच नाही, असा एक विचार त्यांच्या डोक्यात आला, आणि तो काही केल्या जाईना.

ऑपरेशन एकदाचं ठरलं, त्याच्या आदल्या दुपारी कळ आली. आधीच्यासारखी येऊन जाणारी नव्हे, आत काहीतरी पिळून धरावं तशी. गुणवंतरावांनी बेलचं बटण चाचपलं. ते उशीवरून घसरून खाटेमागे लोंबत होतं आणि हात पोचत नव्हता.

"अहो," ते म्हणाले. "जरा तुमची बेल दाबता का?"

पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"मीही पेशंटच आहे," आवाज म्हणाला. "हे काम स्टाफचं."

"मला फार दुखतंय हो."

पलीकडची खाट करकरली.

"भीती वाटतेय मला." हे शब्द तोंडातून कसे निघाले ते गुणवंतरावांनाच कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते त्यांनी उच्चारले होते, आणि तेही एका पडद्यापुढे.

पडद्यामागे कुणीतरी त्रासिक सुस्कारा टाकला. मग टिंग, टिंग, बेल वाजली. गुणवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती झालं तरी आपला माणूस, असं त्यांना वाटलं.

सिस्टर जिन्सी धावत आली आणि सरळ पडद्याआड गेली. तिथे काहीतरी हलक्या आवाजात बोलणं झालं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. तिने गुणवंतरावांकडे एकवार पाहिलं, पोट चाचपलं, डॉक्टरांना फोन केला आणि मग मिसेस अरोरांनाही केला.

डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत थांबता येणार नाही, थिएटर रिकामं होताच घेऊ. मिसेस अरोरा म्हणाल्या, "और सर, तब तक आपको ये रूम छोड़ना पड़ेगा. आपकी शिकायत आई है."

"माझी? किसने की?"

मिसेस अरोरांनी पडद्याकडे पाहिलं. "कराहते हैं. बार-बार बात करते हैं. मैडम रोज़ आती हैं. अपनी तकलीफ़ बताते हैं, डर की बातें करते हैं. कंडिशन में नहीं बैठते, सर."

गुणवंतरावांनी मुद्दे बोटांवर मोजले. एकूण एक मुद्दा बरोबर होता. हे प्रकरण त्यांच्या टेबलावर आलं असतं, तर त्यांनीही दुपारच्या चहाच्या आत निकालात काढलं असतं.

"पर वो हैं कौन?"

"सर, आप ही ने तो माँगे थे," मिसेस अरोरा म्हणाल्या, आणि त्यांनीही आवाज खाली आणला.

गुणवंतरावांना स्ट्रेचरवर घालून बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला लावलं. डोक्यावर माकडटोपी, हनुवटीपर्यंत हिरवी चादर. पॅसेजच्या टोकाची खिडकी उघडी राहिली होती, त्यातून धुकं आत सरपटत होतं आणि ट्यूबलाइटखाली तरंगत होतं. मिसेस अरोरा एकेका दारावर टकटक करत चालल्या. दार किलकिलं होई आणि गुणवंतरावांना स्वतःचं वर्णन ऐकू येई.

"एक मराठी साहब हैं, सरकारी. थोड़ा कराहते हैं, बाकी शरीफ़ हैं."

"हमें तो कोई प्रॉब्लम नहीं जी, पर पिताजी को शांति चाहिए."

पुढचं दार. "मराठी हैं? मछली-वछली खाते होंगे. उनको ही दिक्कत होगी हमारे साथ."

गुणवंतराव जन्माचे शाकाहारी. त्यांनी ओरडून तसं सांगायचा प्रयत्न केला, पण कळ आली आणि शब्द आतच राहिला. आणखी एक दार. "आज ऑपरेशन है? तो जी, बच्चे डर जाएँगे." दारं अगदी हळू, सभ्यपणे मिटत होती. कुणीही त्यांना नाही म्हटलं नाही. आपण एवढे नकोसे असू ही गोष्ट गुणवंतरावांना पोटातल्या कळीहून जास्त लागली.

मिसेस अरोरा कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा झाल्या. स्ट्रेचर ढकलणारा मिशाळ माणूस भिंतीला टेकून उभा होता. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि धुक्याने ओलसर झालेली शाल सारखी करत कुमुद बाहेर आली. हातात डबा. टोपी आणि चादर यांच्यामधल्या तेवढ्याशा चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. ती स्ट्रेचरजवळून सरळ पुढे गेली आणि त्या खोलीत शिरली. दार अर्धवट उघडं राहिलं.

"पडदा का ओढून घेतलाय?" तिचा आवाज आला. "कसं वाटतंय?"

"बरंय," आतून उत्तर आलं.

गुणवंतरावांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. तो त्यांचा आवाज होता. इतके दिवस त्यांना तो ओळखीचा वाटला होता, आज कुमुदशी बोलताना तो पुरता त्यांचा झाला होता.

"दुखतंय का?"

"नाही."

"भीती वाटतेय?"

"छे. मला कसली भीती?"

"मी थांबू जरा? सिस्टरला विचारते, थांबू देतील आज."

"कशाला? नियमात बसत नाही. धुकं आहे, तू वेळेत नीघ."

लग्नापासून कुमुदला जी उत्तरं मिळत आली, तीच होती ही. यातलं एकही चुकीचं नव्हतं. ती आता डबा ठेवील, बरं म्हणेल आणि खाली बसस्टॉपवर जाऊन उभी राहील, हे गुणवंतरावांना स्वच्छ दिसत होतं. आणि थिएटरच्या दारापुढची खुर्ची रिकामी राहील. ते हाक मारू लागले, पण नेहमीचा आवाज घशातून येईना. तो आवाज आत होता, पडद्यामागे, आरामात झोपलेला. मग फार खोलवरून एक बारीक, कापरा आवाज आला, जो त्यांनी स्वतःही पूर्वी ऐकलेला नव्हता.

"कुमुद, मी इथे आहे गं. मला फार भीती वाटतेय. जाऊ नकोस."

आतलं बोलणं थांबलं. कुमुद दारात आली. तिने स्ट्रेचरवरच्या माणसाकडे पाहिलं, मागे वळून खोलीत पाहिलं, पुन्हा स्ट्रेचरकडे पाहिलं.

"आत कोण आहे?" गुणवंतरावांनी विचारलं.

"तुम्हीच आहात," कुमुद म्हणाली. "अगदी तुम्हीच. तसूभरही फरक नाही."

ती मग स्ट्रेचरजवळ आली, त्यांची माकडटोपी मागे सारून कपाळावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा निरखून बघत राहिली.

"पण हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत," ती म्हणाली. आणि एक हात लांब करून तिने त्या खोलीचं दार ओढून घेतलं.

मिशाळ माणूस पुढे आला. "मैडम, इनका कोई मैच नहीं मिल रहा. किस रूम में ले जाऊँ?"

"जिसमें कोई आदमी हो, उसमें ले चलो, भैया," कुमुद म्हणाली, आणि डबा चादरीवर ठेवून तिने स्ट्रेचरचा दांडा धरला.

चाकं हलली. मागे, बंद दाराआड बेल वाजू लागली, आणि ते वळणापर्यंत पोचले तरी वाजतच होती.